समुद्रकाठी गोड्या पाण्याचा हिशेब

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरच्या रेल्वे स्थानकात पाण्याची गाडी आली. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून आलेल्या या गाडीला दहा टाक्यांच्या वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. लातूर शहराला पाणी पुरवणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यातच जमावबंदीचा हुकूम निघाला होता. थोड्याच दिवसांत ५० वाघिणींची ‘जलदूत’ गाडी धावू लागली. तिच्या एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी येई.

२५ लाख हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. पण शहराची वस्ती ४ लाखांच्या आसपास होती. भागाकार केला की माणशी सव्वासहा लिटर येतात, म्हणजे जेमतेम अर्धी बादली. पहिल्या गाडीचे पाणी तर माणशी सव्वा लिटर, म्हणजे एक मोठा तांब्या! पाण्याच्या कोणत्याही आकड्याला माणसांनी आणि दिवसांनी भागल्याशिवाय अर्थ येत नाही, हे लातूरकरांना त्या उन्हाळ्यात वेगळे शिकवावे लागले नाही.

हाच भागाकार एका वेगळ्या ठिकाणी करून पाहू या. लातूर-नांदेडकडच्या अनेक शाळांच्या सहली हिवाळ्यात कोकणात जातात. ज्या मुलांनी घरी टँकरची वाट पाहिली आहे, त्यांच्यापुढे क्षितिजापर्यंत पाणीच पाणी येते, आणि त्यातला एक घोटही पिता येत नाही. एका दिवसाची सहल असेल तर बाटल्यांवर भागते. पण किनाऱ्यावर तंबू ठोकून पाच-सहा दिवसांचे अभ्यास शिबिर करायचे असेल, तर गोड्या पाण्याचा हिशेब आधी मांडावाच लागतो. तो कसा मांडायचा, काटकसर कुठे करायची आणि मुख्य म्हणजे कुठे करायची नाही, ते आपण पाहणार आहोत.

आधी मापे ठरवू

“तुम्ही दिवसात किती पाणी वापरता?” असे वर्गात विचारले तर उत्तरे येतात ती हंडा, कळशी, बादली अशा मापांत. ही मापे घरोघर वेगळी असतात. तेव्हा पहिले काम म्हणजे त्यांचे लिटर करणे. एक लिटरची मोजलेली बाटली घ्यावी आणि तिने शाळेतला मग, तांब्या, बादली व हंडा भरून पाहावा. भरण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा. अरुंद तोंडाच्या उंच भांड्यात पाणी जास्त वाटते आणि पसरट भांड्यात कमी वाटते, हे मुलांच्या लगेच लक्षात येईल.

दुसरे काम म्हणजे एका दिवसाची पाण्याची नोंदवही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कशाला किती पाणी लागले ते प्रत्येकाने मोजून लिहावे. घरचे धुणेभांडी व स्वयंपाक यांचे पाणी घरातल्या माणसांच्या संख्येने भागावे. नळाखाली हात धुतले तर पाणी मोजता येत नाही, मगाने धुतले तर येते. मोजायचे म्हणून मगाने धुतले की पाणी आपोआप कमी लागते, हाही या उपक्रमाचा एक धडा आहे.

तुलनेसाठी काही आकडे हाताशी असावेत. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी आपल्याकडे दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरतात. ग्रामीण भागासाठी पूर्वी ४० लिटर धरत, २०१९ च्या जलजीवन मोहिमेत ते ५५ लिटर झाले. भूकंप, पूर किंवा युद्ध यांमुळे लोक छावण्यांत राहू लागले तर त्यांना दररोज किमान १५ लिटर मिळावे, असा मदतकार्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आपले शिबिर या शेवटच्या आकड्याच्या जवळपास बसवायचे आहे.

शिबिराचे अंदाजपत्रक

समजा, ४० विद्यार्थी आणि ५ शिक्षक असे ४५ जण सहा दिवस किनाऱ्यावर राहणार आहेत. कोणी विशेष विचार न करता पाणी वापरले, तर माणशी दररोजचा खर्च साधारण असा होईल:

पिणे – ४ लिटर
स्वयंपाक – ३ लिटर
तोंड व हात धुणे – ३ लिटर
भांडी – ३ लिटर
समुद्रस्नानानंतरची गोड्या पाण्याची आंघोळ – ५ लिटर
शौचालय – ४ लिटर
एकूण – २२ लिटर

४५ जणांना दिवसाला ९९० लिटर आणि सहा दिवसांना ५,९४० लिटर पाणी लागेल. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तेव्हा हे ओझे जवळजवळ सहा टन झाले. एवढे पाणी बसच्या टपावर नेता येत नाही. ते गावातूनच मिळवावे लागते.

आता प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न विचारू: या कामाला कोणत्या प्रतीचे पाणी लागते? पिणे आणि स्वयंपाक यांना गोडे व निर्जंतुक पाणीच हवे. हात-तोंड धुण्यालाही स्वच्छ पाणी हवे. पण भांड्यांचा पहिला हात वाळूने किंवा राखेने घासून समुद्राच्या पाण्यात करता येतो, शेवटचे विसळणे मात्र गोड्या पाण्याचे. आंघोळ समुद्रात झालेलीच असते. अंगावरचे मीठ काढायला दोन मग पाणी आणि एक ओला पंचा पुरतो. शौचालयात ओतायला समुद्राच्या पाण्याची बादली चालते, स्वच्छतेपुरते पाणी तेवढे गोडे हवे. ही वाटणी केल्यावर अंदाजपत्रक असे होते:

पिणे – ४ लिटर
स्वयंपाक – ३ लिटर
तोंड व हात धुणे – २ लिटर
भांडी – १ लिटर
अंग विसळणे – २ लिटर
शौचालय – १ लिटर
एकूण – १३ लिटर

आता दिवसाला ५८५ लिटर, सहा दिवसांना ३,५१० लिटर. म्हणजे २,४३० लिटर पाणी वाचले, आणि त्यात पिण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या पाण्याला आपण हातही लावलेला नाही. सारी बचत झाली ती ज्या कामाला जसे पाणी लागते तसेच वापरल्यामुळे.

याखेरीज दोन दिवसांचे पिण्याचे पाणी राखीव ठेवावे: ४५ × ४ × २ = ३६० लिटर, म्हणजे २० लिटरचे १८ जार. टँकर आला नाही, जार फुटला, कोणाला जुलाब लागले, अशा वेळी ते कामाला येते. हे जार वेगळे ठेवून त्यांची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्यावी.

साबणाला फेस का येत नाही?

समुद्राच्या पाण्यात भांडी घासताना साबणाला फेस येत नाही, हे मुलांना दिसेल. मराठवाड्यातल्या मुलांना याचे फार नवल वाटू नये. खोल बोअरच्या जड पाण्यातही साबण असाच फुटतो आणि डाळ लवकर शिजत नाही. दोन्हीकडे कारण एकच आहे: कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. साबण या क्षारांशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतो, आणि सगळे क्षार असे संपेपर्यंत फेस होत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम असते. तेव्हा तेथे साबण खर्ची घालण्यात अर्थ नाही. राख आणि वाळू घासून काढतात, त्यांना फेसाची गरज नसते.

शाळेत परतल्यावर पावसाचे, बोअरचे आणि समुद्राचे पाणी तीन परीक्षानळ्यांत घ्यावे. प्रत्येकात साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजून टाकावेत आणि हलवावे. टिकाऊ फेस यायला किती थेंब लागले तो आकडा म्हणजे पाण्याच्या जडपणाचे मापच होय.

खारे पाणी पिऊन काय होते?

एखादा विद्यार्थी हमखास विचारील, “अगदीच तहान लागली तर थोडे समुद्राचे पाणी प्यायले म्हणून काय बिघडले?” या प्रश्नाचे उत्तर “खारट लागते” एवढ्यावर सोडू नये.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या रक्तात मिठाचे प्रमाण लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम एवढेच असते आणि ते तेवढेच राखावे लागते. जास्तीचे मीठ मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. पण लघवी किती दाट करता येईल याला मर्यादा आहे. माणसाची दाटात दाट लघवी ही जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतकीच दाट असते. शिवाय तिच्यातून युरियासारखे इतर पदार्थही बाहेर जायचे असतात. शरीरशास्त्रातला ढोबळ हिशेब असा की, समुद्राचे एक लिटर पाणी प्यायले तर त्यातले क्षार आणि नेहमीची घाण बाहेर टाकायला सुमारे दीड लिटर लघवी लागते. वरचे अर्धा लिटर पाणी कोठून येणार? ते शरीराच्या पेशींतूनच येते. म्हणजे खारे पाणी पिणारा माणूस पाणी घेत नसतो, देत असतो.

बटाट्याची एक चकती साध्या पाण्यात आणि एक समुद्राच्या पाण्यात तासभर ठेवली की हे डोळ्यांनी दिसते. पहिली ताठ होते, दुसरी लिबलिबीत पडते.

सूर्याकडून गोडे पाणी किती मिळेल?

खाऱ्या पाण्याची वाफ करून ती थंड केली की गोडे पाणी मिळते, हे पाठ्यपुस्तकात असते. मग किनाऱ्यावर तेच का करू नये? प्रयोग म्हणून जरूर करावे, पण त्याआधी गणित करावे.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे २०,००० किलोज्यूल उष्णता पडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात. सगळी उष्णता कामी आली तर आठ लिटर पाणी मिळेल. पण काचेवरून परावर्तन होते, भांडे तापते, हवेत उष्णता जाते. साध्या सौर ऊर्ध्वपातन पेटीत तिसरा हिस्सा पदरात पडला तरी पुष्कळ, म्हणजे दिवसाला जेमतेम तीन लिटर. आपल्याला पिण्यासाठी दिवसाला १८० लिटर हवे आहे. त्यासाठी ६० चौरस मीटरपेक्षा मोठी पेटी लागेल, म्हणजे एका मोठ्या वर्गखोलीच्या फरशीहून अधिक.

लाकडे जाळून पाहू. एक किलो सुक्या लाकडात सुमारे १५,००० किलोज्यूल उष्णता असते. साध्या चुलीत त्यातली १५ टक्के भांड्याला मिळाली तर २,२५० किलोज्यूल झाले. ३० अंशांचे एक लिटर पाणी उकळवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २,५५० किलोज्यूल लागतात. म्हणजे किलोभर लाकूड जाळून लिटरभर पाणीही मिळत नाही, आणि १८० लिटरला दोनशे किलो लाकूड लागेल. ढग आणि पाऊस हे काम आपल्यासाठी फुकट करतात. त्या कामाची किंमत केवढी आहे, हे या गणितातून कळते.

वाळूतली गोडी विहीर

लातूर-नांदेडच्या मुलांना विहीर म्हणजे काळ्या खडकात खोल खणलेली, हेच ठाऊक असते. बोअर तर कित्येकशे फूट जातात. किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाडीत मात्र समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, वाळूत थोडे खाली गोडे पाणी दिसते. ते खारे का नसते?

पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी हलके असते. गोड्या पाण्याची घनता १.००० धरली तर समुद्राच्या पाण्याची १.०२५ येते. ४० मीटर उंचीच्या खाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ४१ मीटर गोड्या पाण्याएवढा भरतो. म्हणून जमिनीतले गोडे पाणी समुद्रपातळीच्या एक मीटर वर उभे असेल, तर ते खाली सुमारे ४० मीटरपर्यंत खाऱ्या पाण्याला थोपवून धरू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये घायबेनने आणि पुढे १९०१ साली जर्मनीत हर्झबर्गने स्वतंत्रपणे हा नियम मांडला.

पण हाच नियम उलटा वाचून पाहावा. उपसा करून गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरवली, तर खालचे खारे पाणी ४० मीटर वर सरकू पाहते. एकदा विहीर खारावली की ती पुन्हा गोडी व्हायला पुढचे पावसाळे लागतात. शिबिरासाठी पंप लावून तासाभरात टाकी भरणे सोयीचे वाटते, पण किंमत मोजावी लागते ती वाडीच्या मालकाला. पोहऱ्याने थोडे थोडे, गावाला विचारून आणि गावाचे पाणी भरून झाल्यावर काढावे.

येथे आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. लातूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, नांदेडकडे थोडा अधिक. कोकण किनाऱ्यावर तो ३,००० मिलिमीटरच्या आसपास असतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो. जांभ्याचा सच्छिद्र दगड आणि समुद्राकडे उतरणारी जमीन पाणी धरून ठेवत नाहीत. टंचाई पावसाच्या आकड्यावरून ठरत नाही, पाणी किती थांबले यावरून ठरते. आपण ज्या गावाचे पाणी वापरणार, त्याच्याही घरी उन्हाळा येतो हे पाहुण्यांनी विसरू नये.

ड्रममधली काठी

अंदाजपत्रक कागदावर राहू नये म्हणून रोज मोजणी हवी. २०० लिटरच्या नेहमीच्या ड्रमचा व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर असतो. त्यातल्या एका सेंटिमीटर उंचीच्या थरात अडीच लिटर पाणी मावते. एका स्वच्छ काठीवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि रोज सकाळी व रात्री पातळी मोजावी. दोन विद्यार्थ्यांकडे हे काम द्यावे. त्यांनी फळ्यावर तीनच आकडे लिहावेत: आज वापरले किती, उरले किती, आणि याच वेगाने किती दिवस पुरेल.

ड्रमची तोटी बुडापासून पाच सेंटिमीटर वर असेल, तर खालचे साडेबारा लिटर पाणी तोटीतून येत नाही. तीन ड्रममध्ये मिळून हे ३७ लिटर झाले, म्हणजे नऊ जणांचे दिवसभराचे पिणे. धरणाच्या बातम्यांत ‘मृत साठा’ हा शब्द येतो, तो हाच. मांजरा धरणाच्या पातळीचे आकडे रोज वाचणाऱ्या मुलांना ड्रममध्ये त्याचा अर्थ सापडेल.

गळतीकडेही लक्ष ठेवावे. ठिबकणाऱ्या तोटीखाली मोजपात्र धरून १०० थेंब मोजावेत. समजा त्यात २० मिलिलिटर पाणी भरले आणि सेकंदाला एक थेंब पडत असला, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत १७ लिटरहून अधिक पाणी वाळूत जाते.

काटकसर कुठे नको

पाण्याचा हिशेब फळ्यावर लागला की काही मुले शहाणपणा म्हणून पाणीच कमी पिऊ लागतात. हे मात्र शिक्षकांनी होऊ देऊ नये. लातूरच्या कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो आणि अंग थंड होते. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढते. भर उन्हात खेळताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी असे जाऊ शकते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी थकवा येतो आणि लक्ष लागत नाही. ४० किलोच्या मुलात हे दोन टक्के म्हणजे अवघे ८०० मिलिलिटर.

मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण असते, ते बोलले जात नाही. सहलीत शौचालयाची सोय नीट नसली की मुली सकाळपासून पाणी पिणेच टाळतात. मग डोके दुखते, लघवीला जळजळ होते, आणि “हिला प्रवास सोसत नाही” असा शेरा मिळतो. शौचालयाचे पाणी अंदाजपत्रकात वेगळे धरण्याचे कारण हेच. मुलींसाठी आडोसा, पाण्याची भरलेली बादली आणि पाळीच्या दिवसांसाठी दोन-तीन लिटर जादा पाणी, एवढे आधी ठरलेले असेल तर त्यांच्या तहानेला कोणाची परवानगी लागणार नाही.

दर दोन तासांनी सर्वांनी एकत्र पाणी प्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे, गडद झाली तर कमी पडते आहे, ही खूण मुलांना सांगून ठेवावी. भाताची पेज फेकू नये, ती प्यावी. जुलाब किंवा उलट्या झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. येथेही लिटर बरोबर मोजलेला हवा, कारण मीठ जास्त झाले तर अपायच होतो. मूल सुस्त पडले किंवा पोटात काही ठरत नसले, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे.

वर्गात विचारण्याजोगे

१. ४ लाख वस्तीच्या शहराला माणशी १५ लिटर पाणी द्यायचे, तर २५ लाख लिटरच्या किती गाड्या रोज लागतील?

२. समुद्राचे १०० मिलिलिटर पाणी ताटलीत आटवले तर किती मीठ उरेल? आधी अंदाज लिहा, मग तोलून पाहा. हाच प्रयोग गावातल्या बोअरच्या पाण्यावर करा.

३. मालवणजवळचा सिंधुदुर्ग किल्ला समुद्रातल्या बेटावर आहे, तरी त्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पाणी कुठून येत असेल? किल्ल्यातली वस्ती दहापट झाली तर या विहिरींचे काय होईल?

४. तुमच्या घरी आज लागलेल्या पाण्यापैकी किती लिटर खरोखर पिण्याच्या प्रतीचे असायला हवे होते? उरलेल्या कामांना दुसरे कोणते पाणी चालले असते?

चौथा प्रश्न समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या औसा, उदगीर, कंधार, मुखेडच्या वर्गांनी आधी सोडवावा. तेथे समुद्राचे पाणी नाही, पण भाज्या धुतलेले, तांदूळ विसळलेले आणि आंघोळीचे पाणी रोज असते.